डबा टीव्हीला अनेक उपकरणांची जोडणी

डबा टीव्ही, म्हणजे मागे पोट असलेला काचनळीचा दूरचित्रवाणी संच. अशा एकाच संचाला सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर, व्हीसीआर, व्हिडिओ गेम यांसारखी दोन किंवा अधिक उपकरणे कायमची जोडून ठेवण्याची ही पद्धत आहे. मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर आणि पुणे, नागपूर यांसह ३८ शहरांत मार्च २०१३ अखेर केबलचे डिजिटलीकरण सक्तीचे झाले. त्यामुळे ज्या घरांत टीव्हीच्या एकुलत्या एव्ही (चित्र-आवाजाच्या) सॉकेटवर डीव्हीडी प्लेअर बसलेला होता, तिथे सेट टॉप बॉक्सलाही तीच जागा हवी झाली.

जोडणीआधी संचाची मागची आणि पुढची बाजू पाहावी. बहुतेक रंगीत संचांना अँटेनाचे ७५ ओहमचे गोल सॉकेट असते आणि त्याजोडीला पिवळे (चित्र), पांढरे (डावा आवाज) व लाल (उजवा आवाज) असे एव्ही सॉकेट असतात. काही संचांना पुढेही एव्ही असते, पण ती नेहमी दुसरी स्वतंत्र वाट नसते. अनेक संचांत पुढचे आणि मागचे सॉकेट आतून एकच असतात, किंवा पुढे पिन घातली की मागचे तुटते. रिमोटवर ‘एव्ही १’ आणि ‘एव्ही २’ असे वेगळे दिसले तरच दोन वाटा समजाव्यात.

सर्वांत जास्त चूक होते ती दोन पिवळ्या वायरी ‘वाय’ पिनेने एकत्र करण्यात. विजेच्या दोन वायरी जोडाव्यात तसे इथे चालत नाही. प्रत्येक उपकरणाच्या चित्र-आउटपुटचा आतला रोध ७५ ओहम असतो आणि टीव्हीचाही ७५ ओहम. या जुळणीत टीव्हीवर १ व्होल्टचा संदेश मिळतो. दुसरे उपकरण समांतर आले की तो सुमारे ०.६७ व्होल्टवर येतो, चित्र फिके पडते, आणि चित्र जागेवर धरणारे संकालन-स्पंदही लहान झाल्याने चित्र वाकते किंवा फिरू लागते. दुसरे उपकरण बंद असले तरी त्याचा भार बहुधा राहतोच, आणि दोन्ही चालू असतील तर एकावर एक चित्रे चढतात.

यावर उपाय म्हणजे एव्ही सिलेक्टर: चार आत, एक बाहेर, वर दाबायची बटणे. साध्या यांत्रिक सिलेक्टरला वीज लागत नाही. तीन-तीन पिनांच्या वायरी प्रत्येक उपकरणातून सिलेक्टरला आणि एक वायर सिलेक्टरमधून टीव्हीला जाते. सर्व उपकरणे बंद ठेवून जोडणी करावी, मग एकेक सुरू करून तपासावे आणि कोणते बटण कशाचे हे चिकटपट्टीवर लिहून ठेवावे. काही महिन्यांनी बटणांच्या पत्र्यांवर काजळी बसून रंग जातो-येतो. अशा वेळी बटण दहा-बारा वेळा दाबले की संपर्क बहुधा सुधारतो.

मोनो, म्हणजे एकाच आवाजवाटेच्या, संचाला आवाजाचे एकच, पांढरे सॉकेट असते. लाल पिन तशीच लोंबकळत ठेवली तर उजव्या बाजूचा आवाज हरवतो. प्लेअरच्या मेनूत ‘मोनो’ असेल तर तो निवडावा. नसेल तर दोन्ही आवाज प्रत्येकी १ किलोओहमच्या रोधकातून एकत्र करावेत.

संचाला एव्ही नसेलच, तर सिलेक्टरच्या पुढे आरएफ मॉड्युलेटर लागतो. तो चित्र-आवाज एखाद्या चॅनेलवर चढवून अँटेनाच्या सॉकेटातून आत देतो. व्हीसीआरमध्ये हा मॉड्युलेटर असतोच, बहुधा यूएचएफ या वरच्या वारंवारता-पट्ट्याच्या ३६व्या चॅनेलच्या आसपास. संच त्या चॅनेलवर हाताने ट्यून करून घ्यावा. खटखट फिरणाऱ्या, फक्त व्हीएचएफ (खालचा पट्टा) ट्यूनरच्या कृष्णधवल संचाला हे चॅनेल लागतच नाही. त्याला व्हीएचएफवर देणारा मॉड्युलेटर हवा. मागे दोन स्क्रूंचे ३०० ओहमचे टोक असेल तर मध्ये बालन (३०० ओहम आणि ७५ ओहम जुळवणारा छोटा जोड) हवा. चित्र स्वच्छ पण आवाजाच्या जागी नुसती खरखर, असे झाले तर मॉड्युलेटरच्या ध्वनि-वारंवारतेचे बटण पाहावे: भारतात ५.५ मेगाहर्ट्‌झ लागते, काही परदेशी पद्धतींत ६ किंवा ६.५ असते.

व्हीसीआरच्या एव्ही-इनमध्ये डीव्हीडी प्लेअर जोडून त्याच्याच मॉड्युलेटरचा फायदा घेण्याची युक्ती स्वस्त आहे, पण फसवी. अनेक चित्रपटांच्या तबकड्यांवर नकलविरोधी संरक्षण असते. ते व्हीसीआरच्या स्वयंचलित संदेश-नियंत्रणाला गोंधळवते, म्हणून चित्र ठरावीक वेळाने उजळते आणि काळवंडते. प्लेअर मात्र निर्दोष असतो. सेट टॉप बॉक्स आणि व्हिडिओ गेमला हा त्रास सहसा होत नाही.

चित्र कृष्णधवल दिसणे किंवा वर-खाली फिरणे ही बहुतेकदा एनटीएससीची, म्हणजे अमेरिका-जपानमधील वेगळ्या चित्रपद्धतीची खूण. भारतीय संच पाल पद्धतीचा, ६२५ रेषांचा, ५० क्षेत्रे प्रतिसेकंदाचा, ४.४३ मेगाहर्ट्‌झ रंगवाहकाचा. प्लेअरच्या मेनूत ‘ऑटो’ ऐवजी ‘पाल’ निवडावे आणि ‘प्रोग्रेसिव्ह’ (सर्व रेषा एकदम पाठवणारी पद्धत) बंद ठेवावे. घटक-चित्राच्या (चित्र तीन वायरींत वाटून देणाऱ्या) हिरव्या-निळ्या-लाल सॉकेटांतील लाल हा आवाजाचा नव्हे.

सेट टॉप बॉक्सच्या ३.५ मिमीच्या चार-कड्यांच्या पिनेत चित्र, दोन आवाज आणि भूमी (सामाईक परतीची तार) यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. दुसऱ्या बॉक्सची वायर घातली आणि घरघर ऐकू आली तर पिवळी व लाल पिन अदलाबदल करून पाहावी. भूमीचे कडेच वेगळे असेल तर अदलाबदलीने काही होत नाही.

एचडीएमआय स्टिकसाठी ५ व्होल्टवर चालणारा ‘एचडीएमआय टू एव्ही’ कन्व्हर्टर लागतो. उलट दिशेचा कन्व्हर्टर दिसायला तसाच असतो. नुसती एचडीएमआय ते तीन पिनांची वायर काही करत नाही, कारण तिच्यात संदेश बदलणारे परिपथच नसते. कन्व्हर्टरचे बटण ‘पाल’वर ठेवावे. अक्षरे बारीक आणि बाजूने कापलेली दिसतात, त्याला इलाज थोडाच.

चित्रात हळूहळू सरकणारा आडवा पट्टा आणि आवाजात गुणगुण हे भूमीच्या दोन वाटांचे लक्षण आहे. केबलची वायर काढून पाहावी. पट्टा गेला तर दोष तिच्या वाटेतला. पिनेच्या धातूला हलकी झिणझिण लागणे हे बहुधा दोन-पिनांच्या वीजपुरवठ्याच्या गळतीचे असते, पण जोराचा धक्का बसला तर उपकरण लगेच बंद करावे.

एव्ही नसलेल्या जुन्या संचाच्या बोर्डावर स्वतः पिन बसवू नये. अशा काही संचांची चासी (आतली धातूची चौकट) थेट घरच्या विजेच्या एका तारेला जोडलेली असते. अँटेनाचे सॉकेट कपॅसिटरने वेगळे राखलेले असते, नवे सॉकेट मात्र तसे राहत नाही. त्याला जोडलेला प्लेअर, त्याचा धातूचा डबा आणि तो हाताळणारा माणूस, सगळेच २३० व्होल्टच्या वाटेवर येतात.