कॉक्लिअर इम्प्लांट : शिफारशीनंतरचे टप्पे

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे तीव्र किंवा अतितीव्र बहिरेपणात अंतर्कर्णात बसवायचे इलेक्ट्रॉनिक उपकरण. श्रवणयंत्र आवाज मोठा करते. इम्प्लांट मात्र आवाज टिपणाऱ्या पण निकामी झालेल्या रोमपेशींना वळसा घालून श्रवणचेतेला (मेंदूकडे आवाज नेणाऱ्या नसेला) थेट विद्युत्संकेत देते. कानामागचा प्रोसेसर आणि डोक्याला चुंबकाने चिकटणारी कॉईल बाहेर राहते. रिसीव्हर आणि इलेक्ट्रोडची बारीक तार आत. ऑस्ट्रेलियात ग्रॅइम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मेलबर्नला बहुचॅनेल (अनेक इलेक्ट्रोडचे) इम्प्लांट बसवले. भारतात ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव घेतले जाते.

डॉक्टरांनी ‘इम्प्लांटसाठी पाठवतो’ म्हटले की घरच्यांना ऑपरेशन ठरल्यासारखे वाटते. हातात पडते ती तपासण्यांची यादी. बेरा चाचणीत आवाजाला श्रवणचेता आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजतात; तिला मूल गाढ झोपलेले लागते, म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरापर्यंत जागवून, सकाळी वाटेत डुलकीही न लागू देता आणायला सांगतात. औषध पाजल्यावरही टक्क डोळे उघडे ठेवून खोलीभर फिरणारी मुले असतातच. मग दुसरी तारीख. सीटी स्कॅन आणि एमआरआयमध्ये कॉक्लिआची, म्हणजे अंतर्कर्णातल्या शंखाकृती भागाची, रचना व श्रवणचेता पाहतात. चेताच नसेल तर इम्प्लांटचा उपयोग नाही. काही जन्मजात बहिरेपणात हृदयाच्या ठोक्यांचा दोष सोबत असतो, त्यासाठी ईसीजी. न्यूमोकोकस या जंतूविरुद्धची लस शस्त्रक्रियेआधी घ्यावी लागते, कारण इम्प्लांटनंतर मेंदुज्वराचा धोका थोडा वाढतो.

बहुतेकदा काही महिने श्रवणयंत्र लावून फायदा होतो का तेही पाहतात. पालकांना हा वेळकाढूपणा वाटतो, पण निर्णय याच्यावरच ठरतो. मेंदुज्वरामुळे ऐकू येणे गेले असेल तेव्हा मात्र थांबत नाहीत: कॉक्लिआत हाड भरू लागते आणि तार सरकवायला जागा उरत नाही.

खर्च लाखांत जातो. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत पात्र मुलांना इम्प्लांट मोफत मिळतो; या कामाची मध्यवर्ती संस्था म्हणजे श्रवणदोषांवर काम करणारी, वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. जन्मतः न ऐकणाऱ्या मुलांना या योजनेत वयाची अट आहे, त्यामुळे कागदपत्रांत गेलेले महिने महाग पडतात. बॅटरी, तुटलेली वायर, हरवलेली कॉईल हा पुढचा खर्च आयुष्यभराचा. तो आधीच स्पष्ट सांगायला हवा. पुष्कळदा सांगितला जात नाही.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन, कानामागे छेद घेऊन होते आणि साधारण दोन-तीन तास चालते. चेहऱ्याची चेता जवळून जाते, म्हणून तिच्यावर सतत लक्ष ठेवतात. नंतर काही दिवस चक्कर येणे किंवा चव बदलणे शक्य असते. टेबलावरच इलेक्ट्रोड तपासले जातात.

त्यानंतरचे दोन ते चार आठवडे विचित्र. जखम भरते, पण प्रोसेसर लावलेला नसतो. त्या कानात उरलेसुरले ऐकू येणेही गेलेले असू शकते. भेटायला आलेला मामा पाठीमागून टाळी वाजवून पाहतो आणि आईचा चेहरा उतरतो.

स्विच-ऑनच्या, म्हणजे प्रोसेसर पहिल्यांदा सुरू करण्याच्या दिवशी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) प्रवाह हळूहळू वाढवतो. मूल हातातला खेळ थांबवते, आईकडे पाहते, कधी दचकून रडते आणि कॉईल ओढून काढते. आधी ऐकू येत असलेल्या प्रौढांना माणसांचे बोलणे चिरके, यंत्रासारखे वाटते. सवयीने ते सुधारते. प्रोसेसरचे मॅपिंग, म्हणजे कोणत्या इलेक्ट्रोडला किती प्रवाह द्यायचा याची जुळणी, पहिल्या वर्षात पुन्हा पुन्हा करावे लागते. त्याच्याबरोबर श्रवण-वाचा थेरपी चालते, आणि तिचा मोठा भाग घरीच, आई-आजीच्या बोलण्यातून होतो. रोज सकाळी प्रोसेसर लावल्यावर तोंडासमोर हात किंवा कागद धरून सहा ध्वनी म्हणायचे: आ, ई, ऊ, म, श, स. ओठ दिसू द्यायचे नाहीत. कालपर्यंत ‘स’ला मान वळवणारे मूल आज गप्प राहिले, तर आधी बॅटरी पाहायची, मग वायर, मग मायक्रोफोन, पावसाळ्यात आत शिरलेला ओलावाही. एवढे करूनही प्रतिसाद नसेल, तर मॅपिंगची ठरलेली तारीख यायची वाट न पाहता ऑडिओलॉजिस्टला फोन करायचा.