मालिशचं 'नित्य' कुठे गेलं?

आजकाल अंधेरी काय नि ठाणे काय, फिजिओ असो वा स्पा, दहा सेशनचं पॅकेज पुढे करतातच आणि आपल्याला वाटतं हे नवीन फॅड. पण 'नियमित' हाच भाग सगळ्यात जुना आहे. आयुर्वेदातल्या वाग्भटाच्या अष्टांगहृदय या ग्रंथात सरळ आहे, 'अभ्यंगमाचरेन्नित्यम्', म्हणजे अंगाला तेल रोज लावायचं, त्यातही डोकं, कान आणि पाय जरा जास्त. चरकाची उपमा मला जास्त आवडते: तेल मुरलेला घडा, तेल चोळलेलं चामडं, वंगण घातलेला गाडीचा आस जसे टिकतात तसं शरीर.

आमच्या लालबागच्या चाळीत हे कुणी वाचलं नव्हतं, तरी चालू होतं. आजोबा गिरणीत साच्यावर (मागावर), आख्खी पाळी उभ्याने, त्यामुळे रविवारी गॅलरीत सतरंजी टाकून पालथे पडायचे आणि आजी वाटीतलं तेल कोमट करून टाचेपासून वर अंगठा सरकवत आणायची, पोटरीत गाठ लागली की तिथेच थांबायची, रगडायची नाही, नुसता अंगठा ठेवून गप्पा मारत बसायची, की गाठ आपोआप सुटायची. बाळंतिणीला तर सव्वा महिना मालिशवाली बाई ठरलेलीच, पाय लांब करून बाळाला नडग्यांवर आडवं घेणारी. (1986 मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं असं चोळून बघितलं, तर त्यांचं वजन 47 टक्के जास्त वेगाने वाढलं. आमची बाई हसली असती.)

बाहेर चौपाटीवर बाटल्या किणकिणवत फिरणारे चंपीवाले होतेच. ही चंपी विलायतेलाही गेली, पाटण्याच्या शेख दीन मोहम्मदने ब्रायटनला वाफेचं स्नान आणि मालिश सुरू केली, चौथ्या जॉर्ज राजाचा तो 'शाम्पूइंग सर्जन' झाला, आणि आपण केसांना लावतो तो शाम्पू हा शब्द चंपीतल्याच 'चांपो'तून, म्हणजे 'दाबा, चोळा'तून आलाय.

तिकडे 1894 मध्ये लंडनला चार नर्सनी मालिश करणाऱ्यांची संस्था काढली कारण मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालायचे, आणि त्यातूनच पुढे फिजिओथेरपीचा पेशा उभा राहिला. आपल्याकडे परळच्या केईएम हॉस्पिटलात 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा पोलिओने मुंबईतली पोरं अधू होत होती. मालिश हॉस्पिटलात शिरली ती अशी. पण मग घरची सुटली, गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, आणि अभ्यंग उरलं नरक चतुर्दशीच्या पहाटेपुरतं, तेही दोन बोटं तेल लावून आंघोळीला पळायचं!

नियमित मालिशने दुखणं कमी होतं का, हे मात्र नव्याने तपासलं गेलंय. 2011 मध्ये कंबरदुखीच्या 401 रुग्णांवरचा अमेरिकन अभ्यास आला, आठवड्याला एक अशा दहा मालिश, आराम पडला, सहा महिन्यांनीही थोडा टिकलेला होता, वर्षाने जवळपास ओसरला. गंमत म्हणजे स्नायू शोधून दाबणारी स्पेशल पद्धत आणि साधी आरामाची मालिश, दोन्हींचा गुण सारखाच. तेव्हापासून मी महागडं डीप टिश्यू (खोल दाब देणारी मालिश) सोडलं, पंधरवड्याला साधी मालिश घेतो आणि मधल्या रविवारी घरीच वाटी कोमट करतो. पोटरीपर्यंत जमतं, मानेच्या मागे हात पोचत नाही.