संगत आणि शालेय प्रगती (बेळगाव सीमाभाग)

विद्यार्थ्याची शिकण्याची ओढ आणि परीक्षेतले यश यांवर बरोबरीची मुले, घर, गल्ली, शाळा आणि शिकण्याचे माध्यम यांचा होणारा परिणाम. शिक्षणशास्त्रात समवयस्कांचा प्रभाव आणि परिसराचा प्रभाव वेगळे धरतात. बोलण्यात दोन्हींना ‘संगत’ हा एकच शब्द पुरतो. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असे म्हणताना आपल्या मनात बहुधा वाईटच गुण असतो. अभ्यासकांना दिसलेले चित्र इतके एकतर्फी नाही.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या अहवालात, शाळेच्या इमारती-साधनांपेक्षा घरची परिस्थिती आणि वर्गातली बाकीची मुले कोणत्या घरांतली आहेत यांचा परीक्षेतल्या गुणांशी अधिक संबंध आढळला. पण मुले मुळातच आपल्यासारखे मित्र शोधतात. मग कोणाचा गुण कोणाला लागला, हे कसे ठरवायचे? अर्थतज्ज्ञ ब्रूस सॅसरडोट यांनी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या खोलीसोबत्यांवरून ते तपासले (२००१). तिथे जोड्या चिठ्ठी टाकल्यासारख्या लावल्या जात. सोबत्याचा गुणांवरचा परिणाम थोडा, पण खरा निघाला. आपल्यासारख्याच कोणाला एखादी गोष्ट जमलेली पाहिली की ‘मलाही जमेल’ हा विश्वास वाढतो, असे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा सांगतात. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी याची दुसरी बाजू दाखवली: तेवढ्याच कुवतीचे मूल हुशार मुलांच्या वर्गात बसले, तर स्वतःला कमी लेखू लागते.

बेळगाव परिसरात हे दोन्ही परिणाम दहावीनंतर एकाच मुलावर एकदम येतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठी मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला. मराठी शाळा राहिल्या; त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०(क) भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी असे सांगतो. एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेत ६२५ पैकी १२५ गुण प्रथम भाषेचे, म्हणजे या मुलांच्या बाबतीत मराठीचे. पुढे पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतले की सगळे इंग्रजीतून. गावच्या शाळेत पहिला आलेला मुलगा शहरातल्या कॉलेजात इंग्रजी माध्यमाच्या मुलांमागे बसतो, शिकवलेले कळते पण प्रश्न विचारायला तोंड उघडत नाही. त्याची कुवत दोन महिन्यांत घटलेली नसते. तुलनेला घेतलेली माणसे बदललेली असतात.

अशा वेळी गावचीच दोघे-तिघे त्या वर्गात असतील तर बराच फरक पडतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी इथून शहरात येणाऱ्या मुलांचा खरा वर्ग पुष्कळदा बसमध्येच भरतो: नोट्सची देवघेव, इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द, कोणत्या सरांचे कळते याची चर्चा. याच टोळक्यातल्या एकाने कंटाळून आर्ट्स घेतले की दुसराही अर्ज बदलायला निघतो, हेही खरे. घरची मंडळी ‘वाईट संगत’ म्हणून बिडी-मोबाईलवर डोळा ठेवतात; शाखा बदलणारी संगत त्यांना दिसतच नाही.

मुलींच्या बाबतीत सोबत म्हणजे अक्षरशः सोबत. मैत्रिणीने कॉलेज सोडले तर एकटीला कशी पाठवायची, हा प्रश्न घरात निघतोच. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत झाला, त्यामुळे निदान तिकिटाचा मुद्दा मागे पडला. बस गावापर्यंत येते का, हा मुद्दा खानापूरच्या जंगलपट्ट्यात उरतोच. आमगाव, गवाळी, तळेवाडी अशा गावांना पावसाळ्यात रस्ताच साथ देत नाही, आणि तिथे परिसर म्हणजे मित्रमंडळी नव्हे, नदीनाल्याचे पाणी.

गावातली मोठी मुले काय करतात, यावरही लहानांची ओढ ठरते. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र आहे. पहाटे रस्त्यावर घोळक्याने धावणारी भरतीची पोरे आसपासच्या गावांत ओळखीची आहेत. एकटा उठणार नाही असा मुलगा चौघांनी हाक मारली की उठतो. उद्यमबागेतल्या फौंड्रीत लागलेला, हातात पगार खेळवणारा शेजारचा दादा हाही तसाच आदर्श, आणि दहावीच्या मुलाला तो पुस्तकापेक्षा जवळचा वाटतो, यात त्याची चूक काढण्यासारखे फारसे नाही. याला तोडीस तोड म्हणून ठिकठिकाणी अभ्यासिका आणि मराठी माध्यमाच्या मुलांसाठी दहावीच्या व्याख्यानमाला चालतात. विषयाच्या टिपणांइतकाच त्यांचा उपयोग वेगळ्या गावांतली अभ्यास करणारी मुले एकमेकांना दिसण्यासाठी होतो.

संगतीचा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग माहितीचा. महाराष्ट्र सरकार ८६५ गावे वादग्रस्त सीमाभाग मानते आणि तिथून दहावी-बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांना अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळा प्रवर्ग देते. ज्याच्या गल्लीतला कोणी आधी त्या वाटेने कोल्हापूर-पुण्याला गेला आहे, त्याला कोणता दाखला कुठून काढायचा हे बारावीच्या निकालाआधीच ठाऊक असते. बाकीच्यांना ते कळते तेव्हा फॉर्मची तारीख उलटून गेलेली असते.