कमी तापमानावर भाजलेले सिरॅमिक कच्चे असते का?

सोलापुरातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीच्या दुकानांत, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांतही, एक समज बरीच वर्षे फिरतो आहे: इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांतले, ९०० अंश सेल्सिअसच्या आत भाजलेले सिरॅमिक कच्च्या विटेसारखे असते, आणि कारखानदार केवळ इंधन वाचवण्यासाठी ते तसे विकतो. विटेचा दाखला येथे लागू पडत नाही.

शुद्ध ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) हे सिरॅमिक घट्ट व्हायला साधारण १६०० अंश सेल्सिअस लागतात, हे खरे. पण अशा भागांत सिरॅमिकच्या थरांमध्ये वीज वाहणाऱ्या धातूच्या रेघाही असतात; त्या उष्णतेत टिकणारे वाहक म्हणजे टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम, आणि त्यांची विद्युतवाहकता चांदीपेक्षा बरीच कमी. चांदी मात्र ९६२ अंशांवरच वितळते. तिच्या रेघा न भाजलेल्या पातळ सिरॅमिक पट्ट्यांवर छापून, थर एकमेकांवर दाबून सगळे एकदमच भाजायचे, तर भट्टी ८५० ते ९०० अंशांवर थांबवावीच लागते. म्हणून मिश्रणात काच किंवा बोरॉन, बिस्मथ यांची ऑक्साइडे घालतात. ती आधी वितळतात, तो द्रव कणांमधल्या फटींत शिरून कणांना जवळ ओढतो आणि तुकडा आकसून घट्ट होतो. मिश्रण नीट जमले तर घनता सैद्धांतिक (एकही छिद्र नसतानाच्या) घनतेच्या ९५ टक्क्यांपलीकडे जाते. याला कच्चे कसे म्हणायचे?

किंमत मोजावी लागते ती दुसरीकडे. काच वाढली की परावैद्युतांक (पदार्थ विद्युत ऊर्जा किती साठवू शकतो ते सांगणारा आकडा) सहसा घटतो, उच्च वारंवारितेवर ऊर्जेचा व्यय वाढतो, आणि उष्णता वाहून नेण्यात हे सिरॅमिक ॲल्युमिनाच्या बरेच मागे राहते. आक्षेप घ्यायचाच तर तो यावर घ्यावा. दुकानात येणारे चिप कपॅसिटर (बोर्डावरचे, विद्युतभार साठवणारे सिरॅमिकचे छोटे भाग) तडकण्याचे कारण तर पुष्कळदा वाकलेला बोर्ड किंवा सोल्डरिंगचा अचानक बसलेला चटका हेच असते.