इंजिनाचे ऑइल जाळणे

वंगणासाठी भरलेले ऑइल ज्वलनकक्षात शिरून इंधनाबरोबर जळू लागते, तेव्हा इंजिन ऑइल जाळते असे म्हणतात. गॅरेजच्या बोलीत ‘गाडी ऑइल खाते’. गळती वेगळी: गळणाऱ्या गाडीखाली डाग पडतो, जाळणाऱ्या गाडीखालची जमीन कोरडी असते आणि तरीही डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी उतरत राहते. थोडेसे ऑइल प्रत्येक इंजिन जाळते, कारण सिलिंडरच्या भिंतीवर त्याचा पातळ थर असावाच लागतो. १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप काही उत्पादक योग्य धरतात, पण ही सवलत मालकाला महागात पडू शकते. डिपस्टिकच्या दोन खुणांत साधारण एक लिटरचे अंतर असते. म्हणजे या वेगाने २,००० किलोमीटरांतच पातळी खालच्या खुणेला टेकते. पुढच्या सर्व्हिसची वाट पाहत बसले, तर बेअरिंग जाऊ शकतात.

ऑइल वर चढण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. पहिली वाट पिस्टनच्या रिंगांची. पिस्टनवर बहुधा तीन रिंगा असतात: वरच्या दोन कॉम्प्रेशनच्या, म्हणजे सिलिंडरमधला दाब धरून ठेवणाऱ्या, खालची ऑइलची. ऑइल रिंग भिंतीवरचे जादा ऑइल खरवडते आणि ते पिस्टनमधल्या छिद्रांतून खाली परत जाते. ऑइल बदलायला उशीर होत गेला, की या छिद्रांत कार्बन धरतो आणि रिंग खाचेत अडकून बसते. टोयोटाच्या २.४ लिटरच्या २एझेड-एफई इंजिनाची ही तक्रार अमेरिकेत गाजली, आणि कंपनीने तिथे वाढीव वॉरंटीत अनेक गाड्यांचे पिस्टन व रिंगा बदलून दिल्या. फाटक्या एअर फिल्टरमधून जाणारी धूळ रिंगा व बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासते. इंजिन एकदा जबर तापले, तर रिंगांचा ताण जातो. दुसरी वाट व्हॉल्व्हच्या दांड्यांवरील रबरी सीलची. वयाने ती कडक होतात. तिसरी ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळात साचणारे वायू पुन्हा आत ओढून घेणाऱ्या नळीच्या, पीसीव्ही व्हॉल्व्हची; चौथी टर्बोची, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची.

निळसर, जळक्या वासाचा धूर ही मुख्य खूण. काळा धूर जादा इंधनाचा. गरम इंजिनातून सतत येणारा पांढरा धूर बहुधा कूलंटचा. धूर केव्हा येतो, हे पाहणे सर्वांत मोलाचे. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताच एक लोट येऊन थांबला, तर संशय सीलवर. बोरघाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, तेव्हा पेट्रोल इंजिनात निर्वात वाढून व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते त्या झिजल्या गाइडमधून ऑइल ओढले जाते. पायथ्याशी पाय दाबला, की मागे निळा ढग उठतो. चढावर, भाराखाली सतत धूर येत असेल, तर रिंगांकडे पाहावे. ऑइलचे झाकण काढल्यावर भकाभका धूर बाहेर आला, तर मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन मारते’ म्हणतात, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली निसटतो.

एवढ्यावरून इंजिन खोलायला सांगणे मात्र घाईचे आहे. आधी सपाट जागी ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून दर ५०० किलोमीटरला खप मोजावा. स्पार्क प्लग काढून पाहिल्यास कोणता सिलिंडर ऑइलने ओला आहे ते कळते. मग कॉम्प्रेशन तपासावे. चांगल्या पेट्रोल इंजिनात ते साधारण १५० ते २०० पीएसआय असते. कमी भरणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर आकडा चढला, तर रिंगा वा बोअर झिजले आहेत. चढला नाही, तर दोष बहुधा व्हॉल्व्हकडे. ही ओली चाचणी डिझेलवर करू नये. कॉम्प्रेशन चांगले भरूनही ऑइल रिंग तेवढी अडकलेली असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

दुरुस्तीची सुरुवात पीसीव्ही व्हॉल्व्हपासून करावी, कारण तो स्वस्त आहे आणि तुंबला तर चांगल्या इंजिनालाही ऑइल प्यायला लावतो. प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरले, तर अनेक इंजिनांत हेड (व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग) न उतरवता सील बदलता येतात. गाइड ढिले असतील, तर मात्र हेड लेथवाल्याकडे न्यावेच लागते. रिंगा बदलताना बोअरची झीज मोजावी. बोअर लंबगोल झाले असेल, तर रिबोअर करून, म्हणजे बोअर पुन्हा गोल कोरून, ओव्हरसाइज (मापाने थोडा मोठा) पिस्टन घालावा लागतो. नुसत्या नव्या रिंगा घातल्यास पैसे वाया जातात. जाड ऑइलने खप थोडा घटतो, झीज भरून येत नाही.

डिझेल गाडीचा टर्बो ऑइल सोडत असेल, तर दुरुस्ती लांबवू नये. इंजिन त्याच ऑइलवर बेफाम पळू शकते आणि मग चावी बंद केली तरी थांबत नाही. हवेची वाट बंद केल्यावरच ते गप्प होते.