वेल्सच्या सरहद्दीवर नॉर्मनांनी मातीचे ढीग का उभे केले?

1066 ला हेस्टिंग्जची लढाई झाली, इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड मारला गेला आणि फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मनांचा नेता विल्यम याला इंग्लंड मिळालं. एका लढाईत बरंचसं काम झालं कारण तिथे गादी एकच होती. वेल्समध्ये हे चालणारच नव्हतं. सगळ्या वेल्सवर हुकूम चालवणारा ग्रुफिद अप लेवेलिन 1063 मध्येच मारला गेला होता, त्याच्यामागे छोटे छोटे राजे उरलेले, आज एकमेकांशी भांडणार नि उद्या एक होऊन सरहद्दीवर धाड घालणार, मग हरवायचं तरी नक्की कुणाला? एड्रिक नावाच्या इंग्लिश सरदाराने तर 1067 मध्ये दोन वेल्श राजांना सोबत घेऊन हेरफर्डचा मुलूख लुटला आणि 1069 ला श्रूझबरी जाळलं.

विल्यमने स्वतः तिकडे अडकून न पडता तीन भरवशाची माणसं बसवली. हेरफर्डला विल्यम फिट्झऑस्बर्न, श्रूझबरीला रॉजर मॉन्टगोमेरी, चेस्टरला ह्यू. बाकी इंग्लंडमध्ये तो सरदारांच्या जमिनी शक्यतो विखुरलेल्या ठेवायचा म्हणजे कुणी डोईजड होणार नाही, इथे मात्र सलग पट्टेच्या पट्टे देऊन टाकले. पुढे वेल्सच्या बाजूला जेवढं जिंकाल तेवढं तुमचं, किल्ला बांधायला राजाची परवानगी नको, स्वतःचं कोर्ट, स्वतःचं युद्ध, असे हक्क या सरहद्दीवरच्या सरदारांकडे रुजत गेले.

आणि किल्ला म्हणजे सुरुवातीला दगडी नव्हेच (वाय नदीच्या कड्यावरच्या चेपस्टोसारखे थोडे अपवाद सोडले तर). गोल खंदक खणायचा, निघालेली माती मधे रचत जायची, वर लाकडी बुरूज, आणि शेजारी कुंपण घातलेलं अंगण ज्यात घरं, तबेले, कोठारं. याला मॉट अँड बेली म्हणतात. चुना नको, पाथरवट नको, कुदळ-फावडी आणि राबणारी माणसं असली की झालं. ब्रिटनमध्ये असे मातीचे ढीग सगळ्यात दाट आढळतात ते याच सरहद्दीवर.

त्यातला हेन डोमेन हा किल्ला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रॉजरने 1070 च्या दशकात तो बांधला, सेव्हर्न नदीचा उतार, म्हणजे जिथून पायी नदी ओलांडता येते ती जागा, त्याच्या नजरेच्या टप्प्यात होती. 1960 पासून फिलिप बार्कर आणि नंतर रॉबर्ट हायम यांनी तिथे तीस वर्षांहून जास्त काळ उत्खनन केलं. लाकूड तर केव्हाच कुजून गेलेलं, मग सापडणार काय? जिथे खांब होता तिथली माती वेगळ्या रंगाची आणि वेगळ्या पोताची राहते. इकडे एक खड्डा तिकडे एक चर असं न करता त्यांनी सलग मोठा भाग उघडा केला आणि छोट्या थापीने मातीचे पातळ थर सोलत गेले, तेव्हा हळूहळू दिसायला लागलं की अंगणात लाकडी इमारतींची किती दाटी होती आणि त्या पुन्हा पुन्हा पाडून बांधल्या होत्या. वस्तू मात्र फारच थोड्या मिळाल्या. चैनीच्या तर जवळपास नाहीतच! विजेत्यांचं आयुष्य ऐषारामाचं असेल असं आपण धरून चालतो, पण इथली शिबंदी अगदी साधी, तंगीतच राहत होती.

त्याहून भारी गोष्ट किल्ल्याच्या खाली होती. तटाची माती काढल्यावर नांगरलेल्या जुन्या शेताचे सरी-वरंबे जसेच्या तसे निघाले, नॉर्मन येण्याआधीचे. 1086 च्या डूम्सडे नोंदीत (विल्यमने करून घेतलेली जमिनींची नोंद) हाच भाग आधीपासून ओसाड, शिकारीचं रान म्हणून लिहिलाय. म्हणजे कधीकाळी कसलेली जमीन सरहद्दीच्या मारामारीत पडीक गेली आणि त्यावर किल्ला बसला, कागद आणि माती दोन्ही एकच सांगतात.

नुसत्या किल्ल्यांनी भागत नाही, वसवायला माणसंही लागतात. म्हणून फिट्झऑस्बर्नने नॉर्मंडीतल्या ब्रतय गावच्या सवलती हेरफर्डला आणल्या, बहुतेक गुन्ह्यांना दंड जास्तीत जास्त 12 पेन्स. तेच नियम पुढे उत्तर वेल्समधल्या रुडलानच्या नव्या वसाहतीलाही लागू झाले. दक्षिण वेल्समध्ये 1081 नंतर तिथला राजा रीस अप टेउदुर विल्यमला वर्षाला 40 पौंड भरून राज्य सांभाळत होता, त्यामुळे तिकडे काही काळ शांतता होती, पण 1093 मध्ये तो नॉर्मनांशी लढताना मारला गेला आणि पुढच्याच वर्षी वेल्स पेटलं. 1095 ला वेल्श लोकांनी हाच हेन डोमेन जिंकून आतली शिबंदी कापून काढली. विल्यमचा मुलगा, नवा राजा विल्यम रूफस सैन्य घेऊन स्नोडनपर्यंत गेला पण डोंगरात शत्रू हाती लागलाच नाही, रिकामा परतला.

दिलेली ताकद परत घेणं तर आणखी अवघड. रॉजरच्याच मुलाने, रॉबर्टने, 1102 मध्ये बंड केलं तेव्हा राजा पहिल्या हेन्रीने त्याची श्रूझबरीची सगळी जहागीर जप्त केली. पण सरहद्दीवरच्या बाकी सरदारांचे खास हक्क तसेच चालू राहिले, ते मोडायला आठव्या हेन्रीचा 1536 चा कायदा यावा लागला.