६५ वरून ८०: दगडभुकटीच्या एका आकड्याची पार्श्वभूमी

कोळसा खाणीत ठिणगी बहुधा मिथेनला लागते, पण स्फोट सगळ्या खाणीभर नेते ती धूळ. फ्रान्समध्ये १९०६ साली कुरिएरला १,०९९ आणि अमेरिकेत १९०७ साली मोनोंगाला ३६२ माणसे गेली, तरी मिथेनशिवाय नुसती धूळ पेटते हे अनेक खाणवाल्यांना पटत नव्हते. पिट्सबर्गजवळ ब्रुस्टनला प्रयोगासाठीच कोळशाची खाण खोदली गेली. १९११ च्या ऑक्टोबरात तिथे मुद्दाम स्फोट घडवून दाखवला आणि वाद बराचसा मिटला.

उपाय म्हणजे कोळशाच्या धुळीवर न जळणारी दगडभुकटी, म्हणजे चुनखडीची भुकटी मारणे. किती, हे अमेरिकेत १९२० च्या दशकातल्या धुळीवरून ठरले. तेव्हा २०० मेशच्या (इंचाला २०० छिद्रे असलेल्या) चाळणीतून सुमारे २० टक्के धूळ गळायची. त्यावरून हवा आत येणाऱ्या वाटांसाठी एकूण मिश्रणात ६५ टक्के न जळणारा अंश पुरेसा मानला गेला आणि १९६९ च्या कायद्यात तोच आकडा बसला. हवा बाहेर नेणाऱ्या परतीच्या वाटेला मात्र ८० टक्के. दरम्यान यंत्रे आली, कोळसा बारीक दळला जाऊ लागला, पण आकडा जागचा हलला नाही. पुढे चुनखडीच्या एका जुन्या खाणीत त्याच चाळणीतून ३८ टक्के गळणाऱ्या धुळीवर पूर्ण आकाराचे स्फोट करून पाहिले, तेव्हा ज्वाला रोखायला ७६ टक्क्यांच्या वर अंश लागला. २०१० च्या एप्रिलमध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणस्फोटात २९ कामगार गेल्यावर त्याच वर्षी सगळीकडे ८० टक्के सक्तीचे झाले. शिवाय हवेतल्या दर ०.१ टक्का मिथेनमागे ०.४ टक्के जास्त.

एवढी टाळाटाळ का, हे हिशेबात दिसते. कोळशाच्या धुळीत राख आणि ओल मिळून १० टक्के धरली, तर ६५ गाठायला धुळीच्या किलोमागे साधारण १.६ किलो भुकटी लागते. ८० ला साडेतीन. दुपटीहून जास्त माल आणि त्याच प्रमाणात वाढलेली मजुरी. आपल्याकडे मर्यादा कोळशातल्या उडून जाणाऱ्या (तापवल्यावर वायू होणाऱ्या) द्रव्यावर ठरते: ३० टक्क्यांच्या आत असेल तर ७५, वर गेले तर ८५. आम्हाला ही पद्धत जास्त शहाणपणाची वाटते.

टक्केवारी जुळली तरी दोन गोष्टी घात करतात. भुकटी ओली होऊन वाळली की तिची ढेपळे होतात आणि स्फोटाच्या धक्क्याने ती उडतच नाहीत. नमुना वाळवून, चाळून, जाळून तपासला की त्यात चुनखडी पुरेशी भरते, म्हणून कागदावर सगळे ठीक. दुसरे, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरून उडालेली बारीक धूळ भुकटीवर कागदाएवढ्या जाडीने बसली तरी ज्वाला पुढे सरकते, आणि खालवरचे एकत्र खरवडलेल्या नमुन्यात हा थर हरवून जातो. प्रयोगशाळेचा निकाल यायला पूर्वी आठवडे लागत. आता हातात धरायचा मापक नमुन्याच्या रंगछटेवरून जागीच हिरवा किंवा लाल दिवा दाखवतो. मात्र नमुना आधी नीट वाळवावा लागतो.

८० चा आकडा देणारी ती चुनखडीची खाण भाड्याची होती. २०१२ मध्ये करार संपला आणि तिथले स्फोट-प्रयोग थांबले.